साठाचा दोर

रस्त्याचा नवा नकाशा शाळेच्या भिंतीवर लागला, त्या दिवशी दोरवाल्यांच्या घरी खाणीच्या बारा दोरांपैकी तिसरा वळला जात होता. त्यामुळे नकाशा बघायला त्या घरातलं कोणी गेलं नाही. बाकी सगळी वस्ती गेली आणि परत येताना जो तो चाकापाशी थांबून सांगून गेला की तुमच्या दारात झाड येतंय. चाक फिरवणारी सून नुसती मान हलवत राहिली. चाक फिरवताना बोलायची सोय नसते. बोललं की हात मंदावतो, हात मंदावला की पीळ ढिला पडतो आणि पीळ ढिला पडला की सासरा तोंड सोडतो.

घरापुढे पत्र्याखाली ते चाक होतं. नवरा कमरेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, भारा गुंडाळायचा, त्यातला एक झुबका चाकाच्या आकड्याला अडकवायचा आणि बोटांनी धागे सोडत सोडत मागे जायचा. एक सूत काढायचं म्हणजे रस्त्याच्या कडेने खाली लोखंडी मेखेपर्यंत उलटं चालत जायचं, सूत मेखेला अडकवायचं आणि सरळ चालत वर यायचं. दिवसाला पन्नास-साठ खेपा व्हायच्या. लहानपणापासून हेच केल्यामुळे तो सरळ चालताना अवघडल्यासारखा दिसे आणि उलटा चालताना मोकळा. वस्ती त्याला उलट्या म्हणायची. मागे काय आहे ते तो कधी वळून बघत नसे. खड्डा कुठे, दगड कुठे, शिंपिणीच्या दारातला पाण्याचा ओघळ कुठे, सगळं त्याच्या टाचांना पाठ होतं.

सुतं पुरेशी झाली की त्यांचे तीन पेड करायचे. पेडांचं एक टोक चाकाला आणि दुसरं मेखेपाशी ठेवलेल्या फळीला. फळीवर दगड रचलेले असायचे, ती हलू नये म्हणून, पण अगदीच हलू नये असंही नाही. सून चाक फिरवी. सासरा तीन खाचांचा लाकडी ठोकळा पेडांच्या मध्ये धरून एकेक पाऊल सरके आणि त्याच्या मागे दोर होत जाई. पीळ बसेल तसा दोर आखडे आणि दगडांची फळी मातीवरून करकरत चाकाच्या दिशेने ओढली जाई. फळी थांबली की म्हातारा कोपरापासून बोटापर्यंत दोर मोजून बघे आणि म्हणे, झाला साठाचा. साठ हात म्हणजे साठ हात. त्यात चार बोटांचा फरक पडलेला कोणी पाहिला नव्हता.

मेख म्हाताऱ्याच्या आजोबांनी ठोकली होती. ती कुठे ठोकायची हे त्यांनी कसं ठरवलं, ते कोणाला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची कोणाला गरजही पडली नव्हती. मेखेपर्यंत जायचं, साठाचा दोर होतो. खाणीला साठाचाच लागे, कारण खाणीचा कडा तेवढा खोल होता. सांधलेला दोर मुकादम हातात धरत नसे. सांध्यावर माणूस टांगायचा नसतो हे त्याला दोन माणसं गेल्यावर कळलं होतं. वर्षाला बारा दोर खाणीचे, बाकी किरकोळ. खाणीच्या दोरांवर घर उभं होतं.

रस्ता सरळ होता म्हणून दोर होत होता आणि सरळ होता म्हणूनच खाणीचे ट्रक त्यावरून सुसाट जात होते. मागच्या उन्हाळ्यात एका ट्रकाने शिंपिणीच्या मुलीला तिच्याच दारात उडवलं. सून तेव्हा चाकावर होती. तिने चाक तसंच सोडलं, अर्धा झालेला दोर उलगडून गुंताडा झाला आणि ती मेखेच्या दिशेने धावली. पोरीला तिनेच उचललं. दवाखान्यात पोचेपर्यंत तिने तिच्या डाव्या पायाकडे पाहिलं नाही आणि पोरीलाही पाहू दिलं नाही. पाय गुडघ्याखाली गेला. दोर वाया गेल्याबद्दल म्हातारा एक अक्षर बोलला नाही, असं आयुष्यात एकदाच झालं. तेव्हापासून शिंपीण तिच्याकडे बाकीच्या बायकांपेक्षा वेगळ्या नजरेने बघायची, आणि सुनेला त्या नजरेचं ओझं व्हायचं.

तर हा सगळा नकाशा त्या पायामुळे आलेला होता.

चार दिवसांनी नकाशेवाली बाई घरोघर फिरायला लागली. वयाने लहान, उन्हाने नाक सोललेलं, हातात फॉर्मचा गठ्ठा. लोकांचं म्हणणं काय ते लिहून घ्यायचं होतं. वस्तीचं म्हणणं भरपूर होतं. कंपाउंडरला सावली आणि बाकडं हवं होतं, पण बाकड्यावर रिकामटेकडे बसणार असतील तर नको होतं. दुकानदाराचं म्हणणं होतं की फुटपाथ उंच झाला तर गिऱ्हाईक खालूनच निघून जाईल. रस्त्यावर उंचवटे घालावेत हे सगळ्यांना मान्य होतं आणि ते शेजाऱ्याच्या दारात घालावेत हेही सगळ्यांना मान्य होतं. दोन ट्रकवाली घरं तर फॉर्मला हात लावायला तयार नव्हती.

दोरवाल्यांकडे ती आली तेव्हा नवरा सूत घेऊन निम्म्या रस्त्यावर होता. फॉर्मवर प्रश्न होता की तुम्ही रस्ता कशासाठी वापरता. पायी जाण्यासाठी, वाहनासाठी, वाहन उभं करण्यासाठी आणि शेवटी इतर. इतरच्या पुढे बोटभर जागा होती. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, चालतो. कसे चालता असं काही फॉर्मवर नव्हतं. बाईने हसून 'पायी'समोर खूण केली आणि पुढच्या घरी गेली. घरात कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

वावगं वाटलं ते नकाशा पाहिल्यावर. म्हातारा कंपाउंडरला बरोबर घेऊन शाळेत गेला आणि कंपाउंडरने त्याला बोट ठेवून दाखवलं. चाकापासून वीस हातांवर पहिलं झाड, मग चाळीसवर दुसरं, आणि त्यानंतर लगेच रस्ता एकदा इकडे एकदा तिकडे वळवून घेतलेला, ट्रकांनी दम खावा म्हणून. फुटपाथही रस्त्याबरोबर वाकडा. म्हातारा घरी आला आणि जेवला नाही. सुनेने विचारलं तेव्हा म्हणाला की सापाच्या अंगावर दोर वळायला सांगतायत.

सभा शाळेच्या मोठ्या वर्गात झाली. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, त्यामुळे सगळेच आधीपासून वैतागलेले होते. तासभर उंचवट्यांवर भांडण झालं. मग कंपाउंडरने, त्याचे उपकार मानायला हवेत, दोरवाल्यांचा विषय काढला. दुकानदार म्हणाला की रस्ता काय यांच्या बापाचा आहे का. म्हातारा उभा राहिला आणि म्हणाला, रस्ता माझ्या बापाचा नाही, पण त्याच्यावर माझा बाप रोज चाललाय, तू गाडीवरून गेलायस. लोक हसले. हसण्यामुळे हवा जरा सैल झाली.

नकाशेवालीने विचारलं, "काका, तुम्हाला नेमकी किती जागा सरळ आणि मोकळी लागते?"

"साठ हात."

त्याने ते इतक्या ठामपणे सांगितलं की मागे कोणी खोकलंही नाही. साठ हात किती होतात हे बाईला कळेना. तिने टेप काढली, म्हाताऱ्याला हात लांब करायला सांगितलं आणि सगळ्या वस्तीसमोर कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत त्याचा हात मोजला. म्हातारा ताठ उभा होता. त्याचा हात मोजून त्याच्यावरून रस्ता बेतणार, ही गोष्ट त्याला आवडली होती हे त्याच्या मानेवरून दिसत होतं. मागच्या बाकावर नवरा-बायको बसली होती. साठ हा आकडा दोघांच्याही कानांवर पडला आणि दोघांनाही तो बरोबर वाटला. त्या घरात दुसरा आकडा कधी बोललाच गेला नव्हता.

आता प्रश्न वळणाचा होता. साठ हात मोकळे ठेवायचे तर वळण तेवढं खाली सरकणार आणि बरोबर शिंपिणीच्या दाराच्या तोंडाशी सुरू होणार. तिच्या दारात ठरलेलं बाकडं आणि झाड जाणार. सगळ्यांनी शिंपिणीकडे पाहिलं. ती मुलीला जवळ घेऊन बसली होती, कुबड्या बाकाला टेकवलेल्या. तिने दोरवाल्यांच्या सुनेकडे बघून मान हलवली आणि म्हणाली, बाकडं नको मला, वळण राहू दे म्हणजे झालं. मग सह्या झाल्या. शेवटची सही तिची. परत येताना म्हातारा वस्तीत सगळ्यांशी थांबून थांबून बोलला, दुकानदाराशीसुद्धा.

काम सुरू झालं तेव्हा नववा दोर चाकावर होता. आठ खाणीवर पोचले होते. रस्त्याची माणसं खालच्या बाजूने खणत वर येत होती, धुळीने चाकाचं वंगण चिकट व्हायला लागलं होतं आणि सून डोक्याला फडकं गुंडाळून चाक फिरवत होती. पेड ताणलेले, फळी निम्मी वर आलेली, म्हातारा ठोकळा धरून मध्यावर. एवढ्यात एक मजूर धापा टाकत वर आला आणि विचारायला लागला की खाली मातीत एक लोखंडी मेख आहे, खोदकामात आडवी येतेय, काढली तर चालेल का. म्हातारा लांब होता. नवरा वाख आणायला गेला होता. सुनेला चाक सोडता येत नव्हतं. मेखेचं काय, पुढे साठ हातांवर दुसरी ठोकता येईल, जागा तर दिलीच आहे, असं तिच्या मनात आलं.

"काढा," ती म्हणाली.

तेवढ्यात हात मंदावला. म्हातारा तिथूनच ओरडला. तिने पुन्हा जोर लावला आणि दोर पुढे झाला, पण संपल्यावर म्हाताऱ्याने अंगठा फिरवत फिरवत ती जागा बरोबर शोधून काढली. जरासा ढिलेपणा राहिला होता, करंगळीएवढ्या लांबीत. चालेल, तो म्हणाला, पण एवढं काय बोलणं अडलं होतं. तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने दहाव्या दोराचं पहिलं सूत धरलं. कमरेला वाख, बोटं चालू, पावलं मागे मागे. वस्ती नुकती उठत होती. शिंपिणीच्या दारापाशी मजूर दगडांवर बसून चहा पीत होते. संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून त्यांनी तिथे फुटपाथच्या काठाचे उभे दगड बसवले होते, वळणाची सुरुवात म्हणून. उलट्या नेहमीच्या चालीने आला, नेहमीसारखा मागे न बघता आला, आणि दगडाला टाच लागून पाठीवर पडला. दुसरा दगड त्याच्या कमरेत बसला. मजूर आधी हसले, मग धावले. पडला तरी त्याने सूत सोडलं नव्हतं. ते त्याच्या मुठीत तुटलं होतं.

तो उठून बसला आणि म्हणाला की दगड चुकीच्या जागी लावलाय. मेख अजून लांब आहे. मजुरांचा टोळीवाला म्हणाला की दगड नकाशाप्रमाणे आहे, बोटभरही इकडेतिकडे नाही. आवाज वाढले. म्हातारा घरातून नववा दोर खांद्यावर घेऊन आला. त्याने कोणाशी वाद घातला नाही. दोराचं एक टोक त्याने चाकाच्या आकड्याला अडकवलं आणि वेटोळं सोडत सोडत रस्त्याच्या कडेने निघाला. वस्तीतले लोक दारात येऊन बघायला लागले. दोर संपला तेव्हा त्याचं टोक काठाच्या दगडाला टेकलं होतं. ना कमी, ना जास्त.

"काका, साठच दिलेत ना?" टोळीवाल्याने विचारलं. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

म्हाताऱ्याने दोराकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग मातीच्या ढिगाऱ्यावर पडलेल्या मेखेकडे. सून चाकापाशीच उभी होती आणि तिचं लक्ष पत्र्याखालच्या फळीवर गेलं. फळीच्या तळाला वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेले दोन चर होते. दर वेळी ती फळी किती लांबून ओढली जाते हे तिने रोज पाहिलं होतं आणि एकदाही मोजलं नव्हतं. खाली म्हातारा वाकला आणि काठाच्या दगडापासून मेखेच्या बुजवलेल्या खळग्यापर्यंत, लोकांच्या पायांमधून, रांगत रांगत हाताने मोजत गेला. तीस हात झाले. नव्वद हात सूत ताणावं तेव्हा साठाचा दोर होतो. साठ हात ताणलं तर चाळिसाचा.

तो दगडावर बसून राहिला. शेवटी नवऱ्याने त्याला दंडाला धरून उठवलं, तेव्हा दोघांपैकी कोण कोणाच्या आधाराने चाललंय ते कळत नव्हतं. दुकानदाराने मागून विचारलं की मापाची माणसं तुम्ही, मापात कशी चुकलात.

त्यानंतर तीन दिवस नवरा दुखरी कंबर फडक्याने आवळून जागा शोधत फिरला. घराच्या मागे उतार आणि पुढे नाला, चाक त्या बाजूला सरकवायला वाव नव्हता. शाळेचं पटांगण सत्तर हात भरलं. गावाबाहेर एक पडीक पट्टा होता, पण त्याच्या मालकाने कुंपण घातलेलं होतं आणि दोरवाल्यांनी आत मेख ठोकली की उद्या जागेवर हक्क सांगतील अशी त्याला धास्ती होती. मुकादमाकडे जाऊन विचारलं की सांधा घातलेला चालेल का, दिसणार नाही असा घालून देतो. मुकादम म्हणाला की दिसणार नाही म्हणून तर नको.

सून रस्त्याच्या ऑफिसात गेली. नकाशेवाली तिला बघून उठून उभी राहिली, खुर्ची दिली. तिने कागद काढून दाखवले. फॉर्मवर पायी असं होतं, सभेच्या कागदावर साठ हात आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या. बाईचा चेहरा पडला होता. तिने पेन्सिलीने रेघा मारून बघितल्या. एक करता येईल, ती म्हणाली. वळण तीस हात खाली नेता येईल, सोमवारी काँक्रीट पडायच्या आत. पण मग ते शिंपिणीच्या घराच्या पलीकडे जाईल आणि तिच्या दारासमोर रस्ता पुन्हा सरळ होईल. शिंपिणीने लिहून दिलं तर मी बाकीचं बघते. बाईने तसा मजकूर लिहिला आणि खाली सहीपुरती जागा सोडून कागद सुनेच्या हातात दिला.

घरी येऊन सुनेने कागद दाखवला तेव्हा म्हातारा बऱ्याच दिवसांनी तिच्याकडे सरळ बघत बोलला. तू उचललंयस त्या पोरीला, तो म्हणाला, तुला ती नाही म्हणणार नाही. नवऱ्याने मान खाली घातली. ते खरं होतं, म्हणूनच ते ऐकायला वाईट वाटत होतं.

रविवारी दुपारी ती गेली. शिंपिणीचं मशीन चालू होतं. दाराबाहेर नवा फुटपाथ निम्मा झाला होता, आणि मुलगी कुबड्या घेऊन दारापासून वळणापर्यंत आणि वळणापासून दारापर्यंत फेऱ्या मारत होती. प्रत्येक फेरी संपली की मोठ्याने आकडा म्हणत होती. अकरा झाल्या होत्या. सून दारात उभी राहून बघत राहिली.

शिंपीण मशीनवरून नजर न काढता म्हणाली, "काल पहिल्यांदा एकटी बाहेर गेली. मी इथे बसून बघत होते, सुई बोटात गेली तरी कळलं नाही. ट्रक आला. दगड बघून हळू झाला. ड्रायव्हरने हिला हात केला."

मग तिने मशीन थांबवलं. वस्तीत कुठली गोष्ट लपते? सुनेच्या मुठीत कागद आहे हे तिला ठाऊक होतं आणि त्यावर काय लिहिलंय तेही ठाऊक होतं.

"तू तिला उचललंस," ती म्हणाली. "तू मागितलीस तर मी सही करीन. मला नाही म्हणता येणार नाही तुला. म्हणून सांगते, मागू नकोस."

बाहेर पोरीने बारा म्हटलं. सुनेने कागद मुठीतच आणखी घट्ट केला. तिला म्हाताऱ्याचं दगडावर बसणं आठवलं, नवऱ्याची कंबर आठवली, घरात कोपऱ्यात पडलेला वाखाचा ढीग आठवला.

"माप द्यायला आले होते," ती म्हणाली. "अंगातलं एक पोलकं शिवायचं होतं."

शिंपीण उठली आणि गळ्यातली टेप काढली. तिने पाठीचं माप घेतलं, दंडाचं घेतलं, दोन्ही खांद्यांचं घेतलं. दोघी इतक्या जवळ होत्या की एकमेकींचा श्वास लागत होता, पण कोणी कोणाकडे बघत नव्हतं. उजव्या खांद्यापाशी शिंपिणीचा हात थांबला.

"हा एक बोट जास्त आहे."

"चाकाचा आहे तो."

"उतरेल आता," शिंपीण म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो हे कळल्यावर तिने आकडा लिहायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

घरी दोघं वाट बघत होते. तिने कागद समोर ठेवला. सहीची जागा कोरीच होती.

"नाही म्हणाली?" नवऱ्याने विचारलं.

"मी मागितलीच नाही."

त्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला की तिची पोरगी चालायला लागली आणि आपण बसलो, हेच तुला हवं होतं ना. असं तो आजवर कधी बोलला नव्हता. म्हातारा कोपऱ्यातून म्हणाला, तिला बोलायचं नाही, साठ मी म्हटलं. सून म्हणाली, मेख मी काढायला सांगितली, नववा चाकावर होता तेव्हा. हे तिने पहिल्यांदाच सांगितलं. म्हाताऱ्याने डोळे मिटले. करंगळीएवढी ढिली जागा कशी झाली ते त्याला आता समजलं होतं. सोमवारी काँक्रीट पडलं.

नववा दोर खांद्यावर टाकून नवरा खाणीवर गेला. मुकादमाने दोर दोन्ही हातांनी खेचून पाहिला, बरा आहे म्हणाला आणि पुढचे तीन कधी विचारलं. पुढचे नाहीत हे ऐकल्यावर तो थोडा वेळ गाल खाजवत उभा राहिला. त्याला माणूस हवाच होता. कड्याला दोर बांधून, कड्याकडे तोंड करून पाय रोवत खाली उतरायचं आणि लोंबकळत छिन्नीने भोकं पाडायची, असं काम होतं. नवीन माणसं उतरताना सारखी वळून खाली बघतात आणि त्यानेच घाबरतात.

"तुला उलटं चालता येतं ना?" मुकादम म्हणाला. तो हसत नव्हता.

तेव्हापासून तो खाणीत जातो. म्हातारा चाकाला वंगण घालतो, रोज. चाळिसाचे दोर दोन केले होते, ते पत्र्याखाली टांगलेले आहेत, कोणी घेतले नाहीत. वस्तीत रस्ता चांगला झालाय असंच सगळ्यांचं म्हणणं आहे. दुकानदारसुद्धा गिऱ्हाईक वाढलं म्हणून कबूल करतो. शिंपिणीने शिवलेला कपडा घरी पाठवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. सुनेने तो अजून घातलेला नाही.

तो खाणीत उतरायला लागला त्याच्या तिसऱ्या दिवशी सून डबा घेऊन खाणीवर गेली होती. ती तिथे पहिल्यांदाच आली होती. काठावर पहार ठोकलेली, पहारेला नववा दोर बांधलेला, आणि तो ताणून कड्यावरून खाली गेलेला. माणूस दिसत नव्हता. नुसता छिन्नीचा आवाज येत होता. तिने डबा खाली ठेवला, गुडघ्यांवर बसली आणि दोरावर तळवा ठेवून पहारेपासून कड्याकडे सरकत गेली. अंगठ्याने चाचपत गेली, सासरा चाचपतो तशी. ढिली जागा तिला सापडली. ती बरोबर तिथे आली होती, जिथे दोर दगडावरून वाकून खाली जात होता.

मुकादम लांबून म्हणाला, बाई, दोर धरू नका, त्याला खाली हलल्यासारखं वाटतं. तिने हात काढला. मग डब्याला बांधलेलं फडकं सोडलं, त्याची चार पदरी घडी केली, आणि खालचा भार जरा कमी होईपर्यंत थांबून ती दोर आणि दगडाच्या मध्ये सारली. खालून नवऱ्याने कोण आहे म्हणून विचारलं. मी आहे, ती म्हणाली. छिन्नी पुन्हा वाजायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून ती दोन फडकी न्यायला लागली, एक डब्याला आणि एक दोराखाली घालायला.